बानाबाईचं जर्मन

॥ श्री ॥

१३ नोव्हेंबर १९७२, सोमवार

आज आलेलं सामान: स्पार्क प्लग एक, साडेसहा रुपये. तांब्याचा पातळ पत्रा वीतभर, सव्वादोन रुपये. लेथचं टूल एक, तीन रुपये. पुण्याच्या दुकानदाराचं कार्ड एक, त्याचे दहा पैसे त्याचेच. कार्डावर लिहिलंय, ‘आपण कळविलेल्या इंजिनाचे हेड आमचेकडे नाही व येण्याचा संभव नाही.’ म्हणजे बाकी सगळं आलं, आणि ज्याच्यासाठी आणलं तेच आलं नाही.

ही वही हिशेबाची. पण यंदा हिशेबात मावत नाही असं बरंच काही होतंय, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला घेतलं. पानं वाया जाण्यापेक्षा बरं.

इंजिन लहान आहे, टू-स्ट्रोक. दोन वर्षांपूर्वी छावणीत मिलिटरीच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात ह्यांनी घेतलं. मी तेव्हा आठ दिवस अबोला धरला होता. पण यंदा तेच कामाला आलं. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं, तसं ते अर्ध्या पायऱ्या उतरून आतल्या ओट्यावर नेऊन बसवलं. मोठं इंजिन तिथं उतरत नाही, हे दोघांनी धरलं की उतरतं. त्याच्या पाण्यावर आमचं घर आणि बानाबाईची मेंढरं, दोन्ही चालत होती.

बानाबाई म्हणजे विहिरीपलीकडच्या पडीक रानातली धनगरीण. आम्ही सहा वर्षांपूर्वी पडेगावात हा प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा शेजार म्हणून तेवढं एक पाल होतं. नवऱ्याचं नाव त्रिंबक. तो दिवसात चार शब्द बोलतो, उरलेले सगळे ती बोलते.

दसऱ्यानंतर एका दुपारी हे फॅक्टरीत होते आणि आम्ही दोघी पंप चालवत होतो. इंजिन फार तापलं. मी वर रॉकेल आणायला गेले, तेवढ्यात बानाबाईनं त्याच्या डोक्यावर ओलं पोतं टाकलं. उन्हानं मेंढरू धापा टाकायला लागलं की ती लोकं तसंच करतात. फाट्‌ असा आवाज झाला आणि हेडला आरपार तडा गेला. हेड म्हणजे इंजिनावरचं झाकण, मोदकपात्राच्या झाकणासारखं. ते घट्ट नसेल तर आतली वाफ आपल्या कामाची नाही.

मी म्हणाले, “अगं, मेंढरू आणि यंत्र एकच का?”

“दोनी बी तापत्यात वैनी. मेंढरू वाचतं, ह्ये मेलं नाजूक निघालं.”

आज कार्ड वाचून दाखवलं तेव्हाही ती ओट्यावर बसलेली होती. हे म्हणाले, “हेड बीडाचं आहे हो, पण इंजिन जर्मन. जर्मन हेड इथं कुठून मिळायचं!”

तर ती म्हणते, “भाऊ, एकदा म्हनता बीडचं, एकदा म्हनता जर्मन. कोनच्या गावचं हाय त्ये आधी ठरवा.”

बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. आम्ही हसलो. ती हसली नाही. पदर खोचून निघून गेली.

१५ नोव्हेंबर

सकाळी तुळशीला पाणी घालताना (अर्धा तांब्या, तोही भाजी धुतलेला) बानाबाई कुंपणाशी उभी. हातात तिचं मोठं भगुणं. आतून लख्ख, बाहेरून काळं. आत येऊन ते ओट्यावर आपटून म्हणाली, “ह्ये घ्या.”

“हे काय?”

“जर्मन. भाऊंना जर्मन लागतंय ना?”

आता अॅल्युमिनियमच्या भांड्याला सगळे जर्मनच म्हणतात. मीही म्हणते. मला इतकं हसू आलं की गडू हातातून सुटला. हे आंघोळीहून आले, त्यांनाही सांगितलं. मला वाटलं, हेही हसतील. पण ह्यांनी ते भगुणं हातात घेतलं, तळाला टिचकी मारली, दोन्ही हातांवर तोललं. मग मला म्हणाले, “बीडाचंच पाहिजे असं कुठं आहे? जर्मनचं ओतून घेऊ. उष्णता उलट लवकर बाहेर टाकेल. मीच करतो हेड.”

बानाबाई माझ्याकडं बघून म्हणाली, “हसा अजून.”

मी म्हटलं, “अगं पण तुला दूध तापवायला?”

“दुसरं हाय की मला. त्याची नका काळजी करू.”

आमच्याकडं जर्मनचं एकही भांडं नाही. सासूबाईंना ते सोवळ्यात चालत नसे, त्यांच्यामागं मीही घेतलं नाही. एरवी मीच दिलं असतं.

जाताना ती म्हणाली, “वैनी, तुमी कवा भांडं रिकामं परत देत नाय. आता ह्ये कसं भरून देताल, त्ये बघते म्या.”

ते खरं आहे. तिनं शेळीचं दूध गडूभर आणलं की तो गडू मी चिमूटभर साखर नाहीतर चहाची पूड घालूनच परत देते. रिकामं भांडं परत देऊ नये, ही आईची शिकवण. पैठणला आमच्या आळीत भांडी अशीच या घरातून त्या घरात फिरायची. कोशिंबीर गेली की दाण्याचं कूट यायचं, कूट संपलं की त्याच वाटीतून गोदेकाठचे पेरू जायचे. वाटी कुणाची हे विसरून जायचे लोक, म्हणून भांड्यांवर नावं घालायची पद्धत पडली असावी.

२१ नोव्हेंबर

शहरात जिन्सीला कडुबा ओतारी आहेत, ते पितळेच्या घंटा आणि समया ओततात. ह्यांनी भगुणं त्यांच्याकडं नेलं. ते म्हणाले, नुसतं भांड्याचं जर्मन मऊ पडतं, त्यात मोटारीचे जुने पिस्टन घाला. फॅक्टरीच्या भंगारातून ह्यांनी पावती करून चार पिस्टन आणले. काल सगळं एका मुशीत वितळलं. आज गोळा घरी आला. खरवस उलटा केल्यासारखा दिसतो. ओतणावळ पाच रुपये. कडुबांनी सहा सांगितले होते, मी कळवलं की घंटेपेक्षा हे सोपं आहे, याला आवाज नको आहे.

बानाबाई चार दिवस झाले दूध तापवायला माझ्या शेगडीवर येते. म्हणते, “तुमच्या शेगडीवर साय चांगली येती.” साय कसली, सरपण वाचवते आहे. पण माझं पातेलं रोज तिच्या दुधासाठी अडकतं आणि वर घासायला पाणी लागतं. राखेनं कोरडंच घासते.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज लेथवर काम सुरू केलं.

आमचा लेथ जुना, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचा. प्लॉटवर विजेचे खांब अजून आले नाहीत, त्यामुळं शेडमध्ये ह्यांनी बैलगाडीच्या चाकाएवढं चाक बसवलंय. ते हातानं फिरवायचं, पट्ट्यावरून लेथ फिरतो. एकट्यानं फिरवलं तर दम लागतो. आज एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बानाबाई, समोरासमोर, मुठीवर चार हात. बसल्यावर दोघींच्याही एकदमच लक्षात आलं, हे तर जातंच.

हे म्हणाले, “एका गतीनं फिरवा. थांबलात की टूल उडतं, गोळ्यावर लाटा उठतात.”

“भाऊ, आमी जात्यावर पोरी व्हतो तवापास्नं बसतो. तुमी तुमचं टूल सांबाळा.”

आणि लागली की म्हणायला:

*चाक फिरे गरागरा, न्हाई जातं हे पिठाचं,*
*पडे चांदीचा भुगा, पोट भरेना कुनाचं.*

खरंच चांदीसारखा कीस पडत होता, लांब लांब वेटोळी. ओवीचा ठेका धरला की चाकाची गती बिघडत नाही, हे ह्यांच्या लक्षात आलं. मध्येच ती पाणी प्यायला थांबली, तर हेच म्हणाले, “बानाबाई, म्हणा की पुढं.” हा माणूस माझ्या आरतीला कधी टाळ्याही वाजवत नाही.

दुपारपर्यंत गोळ्याचा बाहेरचा भाग गोल झाला. मग हवा खेळायला त्यावर खाचा पाडल्या, एकाखाली एक, कपाटात ताटं रचल्यासारख्या. मला मात्र सारखं पैठणचं माजघर आठवत होतं. आई आणि काकू अशाच समोरासमोर बसायच्या. त्यांचं वर्षानुवर्षं पटायचं नाही, पण जात्यावर मात्र दोघींचा एकच सूर. मी मॅट्रिकचा अभ्यास त्या आवाजात केला. त्या आवाजाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही. लग्न होऊन गावात आले आणि पिठाची गिरणी आली. किती सोय झाली म्हणून मीच सगळ्यांना सांगत होते.

दंड फार दुखतायत. तिळाचं तेल लावावंसं वाटलं, पण ते दिव्याचं आहे.

३ डिसेंबर, रविवार

हेडच्या खालच्या अंगाला वाटीसारखी पोकळी कोरायची असते, त्यात इंधनाचा स्फोट होतो. आज ती वाटी कोरायला घेतली. फार हळू काम. ह्यांनी तिची खोली दहा वेळा मोजली. मीही इतक्या वेळा मीठ चाखत नाही.

सायंकाळी त्रिंबक आला. शेडच्या दाराशी उकिडवा बसला, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. म्हणाला, “भाऊ, नाल्यातला झरा आटला. शेंदून शेंदून किती पाजायचं? पुनवंपत्तोर बघतो. नायतर कायगावकडं गंगंच्या काठाला जावं लागंल.”

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

हे म्हणाले, “पौर्णिमेच्या आत पाणी देतो तुला.”

ह्यांनी असं कधी कुणाला काही कबूल केलेलं मी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या बोलणीतसुद्धा म्हणाले होते, बघू.

दत्तजयंती वीस तारखेला. म्हणजे पौर्णिमा तीच.

बानाबाई जाईल असं मला वाटत नाही. ती तशी दर वर्षी म्हणते.

५ डिसेंबर

आज पालापाशी दोन माणसं टेप घेऊन आली. चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून गेली. आमच्या दारापासून थेट बानाबाईच्या चुलीवरून पलीकडं दौलताबाद रस्त्यापर्यंत. कॉलनी होणार म्हणे, चाळीस फुटी रस्ता. बरं होईल. रिक्षा दारापर्यंत येईल, विजेचे खांब येतील, ह्यांना लेथला मोटार लावता येईल. मी बानाबाईला तसं सांगितलं.

ती रेघेच्या एका बाजूला बसून भाकरी थापत होती. म्हणाली, “व्हय, आता शेजार मिळंल तुमाला.”

“तू आहेस की शेजार.”

तिनं भाकरी उलटली. फक्की पिठासारखीच दिसत होती, मेंढरं हुंगून जात होती.

८ डिसेंबर

रेशनला लाल मिलो मिळाला, परदेशातून आलेली ज्वारी. भाकरी तुटते, रंगही बरा नाही. गुरुवारचा उपास होऊन गेला, त्यामुळं एक दिवस सुटले.

बानाबाई आजही दूध घेऊन आली. आता शंभरातली किती मेंढरं उरली असं विचारलं, तर म्हणाली, “मोजू नये वैनी, नजर लागती.” मी रोज संध्याकाळी सगळं मोजून लिहिते, मला हे पटलं नाही. दूध मात्र आता गडूभर नसतं, फुलपात्रभर असतं. तेवढ्यासाठी ती इथवर का येते कळत नाही. तिच्या चुलीवर एखाद्या लहान भांड्यात सहज तापेल.

१० डिसेंबर, रविवार

आज काम बिघडलं.

वाटी पुरी होत आली होती. शेवटचा हात फिरवताना ह्यांनी टूल मागं घेतलं आणि “थांबा” म्हणाले. वाटीच्या बुडाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्याला टोकरलं तर आत मोठी पोकळी, किडक्या सुपारीसारखी. ओतताना आत हवा राहिली. ह्यांनी तो गोळा खाली ठेवला, मशीन पुसलं, टूल काढून डब्यात ठेवलं.

संध्याकाळी सायकलवरून जिन्सीला जाऊन आले. कडुबा म्हणाले, मुशीत ओल राहिली असेल. इतक्या कोरड्या सालात ओल कुठून आली, देव जाणे. पुन्हा ओतून देतो म्हणाले, पैसे नकोत म्हणाले, पण भट्टी गुरुवारी पेटेल. एवढ्याशा कामासाठी कोळसा जाळणं त्यांना परवडत नाही. ते बरोबरच आहे. मीही एका पापडासाठी शेगडी पेटवत नाही.

बानाबाईनं त्या भोकात बोट घालून पाहिलं. म्हणाली, “माजं भगुनं असं नव्हतं हां. एक थेंब गळत नव्हता.” मग ह्यांचा चेहरा बघून म्हणाली, “व्हतंय भाऊ. पयली भाकर तव्याला चिकटतीच.”

१५ डिसेंबर

गोळा आला. ह्यांनी फॅक्टरीत उरलेल्या दोन दिवसांची रजा मागितली. माझ्या भाच्याच्या मुंजीला चार तासांची मागितली होती तर मिळाली नव्हती. आज मिळाली. साहेबानं विचारलं, घरी काय काम? हे म्हणाले, शेजाऱ्यांना बाहेरगावी जायचंय, ते थांबवायचंय.

१७ डिसेंबर, रविवार

एकटीनंच चाक फिरवलं. बानाबाई आणि त्रिंबक पहाटेपासून विहिरीवर, दोरानं पाणी शेंदत. मेंढरं पाणी प्यायच्या डोणीशी एकावर एक चढत होती. ओवी मीच म्हणायला घेतली, पण माझा सूर आरतीकडं वळतो आणि चाक मंद होतं. गोळ्यावर लाटा उठल्या. ह्यांनी पुन्हा साफ केल्या.

दुपारी ती आली, हातांना फोड. मुठीवर हात ठेवला तर मी म्हणाले, “राहू दे, हात बघ आधी.” ती म्हणाली, “तुमचं गानं ऐकून आले. मेंढरं बिथरली.”

संध्याकाळपर्यंत फिरवलं. ती गात होती आणि मी मनात देवाचं नाव घेत होते. काही वेळानं दोन्ही एकच झालं.

१९ डिसेंबर

वाटी झाली. भोक नाही. बोल्टांची चार छिद्रं झाली. स्पार्क प्लगसाठी आटे पाडायचं हत्यार फॅक्टरीतून आणायचं होतं, ते दुसऱ्या शिफ्टच्या माणसानं नेलं आहे. परवा मिळेल. परवा म्हणजे एकवीस.

हे त्रिंबककडं जाऊन आले. एक दिवस थांब म्हणाले. त्रिंबक म्हणाला, “भाऊ, तुमी देवमानूस. पर आज तीन पडली.” हे परत आले ते जेवले नाहीत.

२० डिसेंबर, दत्तजयंती

गेले.

मी देवळातून लवकर परत आले, सुंठवडा पुडीत बांधून आणला होता. पाल उतरलं होतं. घोड्यावर सामान लादणं चाललं होतं. मी उभी राहून बघत होते. घोंगड्या, खाट, बाजरीची थैली, तवा, परात, दोन ताटल्या, गडू, एक कळशी. कोंबडीची पाटी सगळ्यांच्या वर. बानाबाईनं दोर आवळला.

मी म्हटलं, “भगुणं राहिलं का गं कुठं? दुसरं?”

तिनं गाठ मारली. म्हणाली, “दुसरं कुटलं भगुनं?”

मग माझ्याकडं बघितलं आणि तिच्याही लक्षात आलं. म्हणाली, “जाऊ द्या वैनी. दूधच राहिलं नाय. भांडं घिऊन काय करू.”

दूध होतं तोवर, एकवीस नाहीतर बावीस दिवस, ती माझ्या शेगडीवर येत होती. मी सरपणाचा विचार करत होते.

सुंठवड्याची पुडी तिच्या गडूत टाकली. ती म्हणाली, “झालं, फिटलं.” मी म्हटलं, “गडूचं फिटलं.” तिला मग हसू आलं. त्रिंबकनं हाळी दिली, मेंढरं उठली. फक्कीच्या रेघेवरूनच गेली सगळी, रस्ता झाल्यासारखी. किती वेळ धूळ दिसत होती. तिचा आवाज त्याहून पुढपर्यंत येत होता, कुणाला तरी शिव्या देत होती, घोड्याला असेल.

पातेलं रिकामं होतं, तरी मी घासलं.

२४ डिसेंबर, रविवार

हेड बसलं.

आटे शुक्रवारी पडले. आज फक्त बसायची बाजू सपाट आहे का ते बघायचं राहिलं होतं. त्यासाठी काचेवर शेंदूर आणि तेल पातळ लावतात, त्यावर हेड घासतात, जिथं उंच असेल तिथं लाल डाग उठतो, तो खरवडायचा. ह्यांचा शेंदूर संपला होता. मारुतीचा डबीत होता. मी कधी दिला नसता. आज न विचारता नेऊन दिला. शनिवार कालच झाला होता, पुढच्या शनिवारपर्यंत नवा आणीन.

डाग उठत गेले, हे खरवडत गेले. शेवटी सगळ्या कडेला एकसारखा शेंदूर लागला. लाल गोल हेड हातात धरून हे उभे होते, तेव्हा वाटलं, बानाबाई असती तर म्हणाली असती, झाला देव, फोडा नारळ.

मी ह्यांना म्हणाले, “याच्यावर नाव घाला.”

“कंपनीचं? ते फुटक्यावर होतं.”

“भांड्यावर असतं तसं. भांडंच आहे ते.”

ह्यांनी हातोडी आणि बारीक छिन्नी घेऊन वरच्या सपाट जागी ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढली: सौ. बानाबाई. अक्षर चांगलं आलं. ‘बा’चा काना जरा लांबला.

दोघांनी इंजिन पायऱ्यांवरून खाली नेलं. दोरी ओढली. एकदा नाही, दोनदा नाही. ह्यांनी प्लग काढून पुसला, पुन्हा लावला. मी वरच्या पायरीवर रामरक्षा म्हणत होते, मध्येच कुठं होते ते विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून लागले. मग ते फटफटलं. धूर आला, मग बसका आवाज मोकळा झाला. नळीतून आधी हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ.

डोण भरली. काठावरून पाणी वाहून गेलं. मी वाहू दिलं.

हे वर आले आणि डोणीशी उभे राहिले. म्हणाले, “चार दिवस.” एवढंच. मी म्हणाले, “ओल मुशीत होती, तुमचा काय दोष.” ते पाण्यात हात धुवत राहिले, शेंदूर लवकर निघत नव्हता.

२८ डिसेंबर

गुलमंडीवरून जर्मनचं भगुणं आणलं. झाकणासकट नऊ रुपये. दुकानदार नऊच्या खाली आला नाही, मीही फार ओढलं नाही. तिच्यापेक्षा एक माप मोठं आहे. सासूबाईंच्या फोटोकडं बघून सांगितलं, हे आपलं नाही, शेजारणीचं आहे, ठेवायला आणलंय.

कॉलनीची माणसं आज खांब रोवायला आली होती. तिच्या चुलीचे तीन दगड काढून बाजूला फेकत होती. मी जाऊन म्हणाले, तेवढे राहू द्या. मुकादम म्हणाला, “बाई, इथून रस्ता आहे.” मी म्हणाले, रस्ता होईल तेव्हा बघू. दगड मी आमच्या कुंपणाच्या आत आणून मांडले, होते तसेच, तोंड उगवतीला.

कायगावच्या शाळेत रामहरी मास्तर आहेत, ह्यांच्या ओळखीचे. गंगेच्या काठाला धनगरांची पालं कुठं पडलीत ते त्यांना माहीत असेल. त्यांच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं. तिला वाचता येत नाही, मास्तर वाचून दाखवतील. म्हणून मायन्यावर अडले. सहा वर्षं मी तिला अगं-तुगं करत आले. कार्डावर ते मास्तरांच्या तोंडून ऐकायला तिला बरं वाटणार नाही. शेवटी असं लिहिलं, नक्कल ठेवते:

‘सौ. बानाबाई यांस,
सप्रेम नमस्कार. आम्ही येथे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळावी. हेड बसले. पाणी आले, डोण भरून वाहते. इंजिनाला जर्मन सोसले, तापत नाही, पोते लागत नाही. त्यावर तुमचे नाव घातले आहे. येणारा-जाणारा विचारतो, बानाबाई कोण, तर आम्ही सांगतो. चुलीचे दगड आमच्या कुंपणात आहेत. जागा केली आहे, मेंढरांनाही होईल. चाक फिरवायचे काम आले तर माझ्या गाण्याने होत नाही, हे तुम्हांस माहीत आहे.
तुमचे भगुणे घेऊन ठेवले आहे. भांडे रिकामे परत करण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून भरून ठेवले आहे. दुसरे काही घरात तेवढे नव्हते, म्हणून पाणी भरले. विहिरीचेच आहे. पण पाणी एका रात्रीत शिळे होते, रोज सकाळी ओतून नवे भरावे लागते, आणि यंदाच्या सालात ते बरे दिसत नाही. तरी केव्हा येता, ते उलट टपाली कळवावे.
आपली,
अनसूया’